ओव्हरीचा कॅन्सर, मग पोटातली चरबी का काढली?

माझ्या मावशीचं, म्हणजे आमच्या माईचं ऑपरेशन झालं त्याच्या आठवड्याभराने वहिनीने रिपोर्टचा फोटो पाठवला, जरा तिरका, अर्ध्या कागदावर तिच्याच मोबाइलची सावली, आणि खाली लिहिलेलं, "दोन्ही ओव्हरी काढल्या, पिशवी काढली, ते कळलं गो. पण हे ओमेंटम काय आता? डॉक्टर म्हणाले पोटातली चरबी पण काढली. कॅन्सर ओव्हरीत ना, मग चरबीने काय वाकडं केलं?"

मी गोव्यात फोंड्याला हायर सेकंडरीत बायोलॉजी शिकवते, त्यामुळे घरातले सगळे रिपोर्ट माझ्याकडे येतात, थायरॉइडपासून भावाच्या कुत्र्याच्या रक्ततपासणीपर्यंत, मी डॉक्टर नाही हे शंभरदा सांगून झालंय. पण वहिनीचा प्रश्न इतका नेमका होता की दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होणं जमेना. चरबीने काय केलं? कॅन्सरच्या शेजारी राहणाऱ्या साध्यासुध्या पेशींनी काय केलं? कॅन्सरवर काम करणारी मोठमोठी माणसं सध्या याच प्रश्नामागे आहेत. तर वहिनीला व्हॉइस मेसेजवर तुकड्या तुकड्याने सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय.

आधी ओमेंटम. मटण आणायला जाता ना, बोकड सोलून टांगलेला असतो आणि आतडी काढताना त्यांच्यावरून पांढरी, पातळ, जाळीदार चरबीची चादर निघते, लेस लावलेल्या पडद्यासारखी, तीच ती. आपल्याही पोटात असते, जठराच्या खालच्या कडेपासून लोंबते आणि आतड्यांवर ॲप्रनसारखी पसरलेली असते. माई लगेच म्हणाली "मी तर एवढी लुकडी, मला कुठली चरबी?" पण लुकड्या माणसालाही ती असते, कमी जाड असते इतकंच. आणि ती नुसती पडून नसते. सर्जन लोक तिला पोटातला पोलीस म्हणतात, कारण अपेंडिक्स सुजलं किंवा आतड्याला भोक पडलं की ही चादर तिथे जाऊन चिकटते आणि घाण पसरू देत नाही. तिच्यात जागोजागी प्रतिकार करणाऱ्या पेशींचे छोटे छोटे पांढुरके ठिपके असतात, दुधाचे थेंब पडल्यासारखे, म्हणून त्यांचं नावच दुधाळ ठिपके असं पडलंय. म्हणजे पोलीस आणि त्याच्या चौक्या. आता गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, ओव्हरीचा कॅन्सर बाहेर पडला की मुक्कामाला सगळ्यात आधी आणि सगळ्यात आवडीने जातो तो याच चौकीत.

आणि ओव्हरीचा कॅन्सर हे नावही थोडं फसवं आहे बरं का. यातला सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात जास्त जीव घेणारा प्रकार, ज्याला रिपोर्टमध्ये हाय ग्रेड सिरस लिहितात, तो पुष्कळदा सुरू होतो फॅलोपियन ट्यूबच्या टोकाला, तिथली झालर असते ना ओव्हरीवर झुकलेली, तिच्यातल्या पेशींमध्ये. बीआरसीए नावाचा जीन बिघडला की स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता बरीच वाढते, अशा बायकांच्या ट्यूब खबरदारी म्हणून काढल्या तेव्हा त्यांचे बारीक काप करून बघताना हे लक्षात यायला लागलं. तिथून पेशी ओव्हरीवर पडतात, पोटात पडतात. स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा रक्तातून नाहीतर लिम्फमधून लांब जातो, पण याला तेवढ्या प्रवासाची गरजच नाही, पोटाची पोकळी उघडीच आहे, पेशी सुटल्या की तिथल्या पाण्यात तरंगायला लागतात.

पोटात पाणी? हो, चांगल्या माणसाच्या पोटातही थोडंसं असतं, आतड्यांना एकमेकांवर घसरायला. श्वासाबरोबर ते हलतं, वर डायफ्रॅमकडे, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याकडे सरकतं आणि तिथल्या बारीक बारीक नळ्यांतून शोषलं जातं. माझं आजोळ चोडणचं, त्यामुळे मला हे समजावताना खाजनच आठवतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, खाजन म्हणजे भरतीचं खारं पाणी येणारी सखल जमीन बांध घालून शेतीखाली आणलेली, आणि त्या बांधात मानस असते, लाकडी दारांचं फाटक, भरती आली की पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. आता ओहोटीच्या वेळी त्या दारात ओंडके, प्लास्टिक, शेवाळ अडकलं तर? पाणी आत तुंबतं. कॅन्सरच्या पेशी डायफ्रॅमच्या नळ्यांत अडकल्या की तसंच तुंबतं, आणि दुसऱ्या बाजूने त्या व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात त्याने रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, म्हणजे बाहेर जायचं दार बंद आणि आत येणारं पाणी चालूच. "पोटात पाणी झालंय" म्हणतात ते हे. माईची साडी कमरेला बसेना तेव्हा आम्ही सगळे म्हणालो वय झालं, सुटलीस. मी पण म्हणाले.

सुट्या पेशीला एकटं तरंगणं सोपं नसतं. शरीरातली बहुतेक पेशी आपल्या जागेवरून सुटली की स्वतःहून मरते, तशी व्यवस्थाच आहे. म्हणून कॅन्सरच्या पेशी गोळे करून राहतात, एकमेकींना धरून, आणि त्या गोळ्यांत कधी कधी शरीराच्या स्वतःच्या सफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, त्याही सापडतात. असा गोळा तरंगत तरंगत पोटाच्या अस्तराला लागतो. हे अस्तर म्हणजे एकाच थराच्या चपट्या पेशी, नुकतं सारवलेलं अंगण कसं एकसंध दिसतं तसं. गोळ्याला तिथे धरायला काहीतरी हवं. त्याच्या अंगावर म्यूक-१६ नावाचं लांबलचक प्रोटीन असतं आणि अस्तराच्या पेशींवर मेसोथेलिन नावाचं, ती दोन्ही एकमेकांत अडकतात. आणि ऐका, फाइलवर रक्ततपासणीतला तो सीए १२५ चा आकडा असतो ना, जो आला का, उतरला का म्हणून सगळं घर फोनला चिकटून असतं, तो याच म्यूक-१६ चा तुटून रक्तात आलेला भाग. त्या आकड्यामागे एक हूक आहे हे मला स्वतःला वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

चिकटल्यावर गोळा पसरतो आणि खालच्या अस्तराच्या पेशींना अक्षरशः ढकलून बाजूला करतो, आपले स्नायू आकसायला जे मायोसिन लागतं त्याच्याच जातीचं प्रोटीन वापरून. हे लॅबमध्ये व्हिडिओत टिपलेलं आहे. पण सगळंच काही जबरदस्तीने होत नाही, आणि मुद्दा इथून सुरू होतो. कॅन्सरच्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचा निरोप सोडतात आणि तो मिळाला की अस्तराच्या पेशी स्वतःच फायब्रोनेक्टिन नावाचं चिकट प्रोटीन बनवायला लागतात. ज्याला बाहेर ठेवायचं त्याच्यासाठी पाट मांडल्यासारखं.

आता वहिनीची चरबी. शिकागोच्या अर्न्स्ट लेंगयेल यांच्या टीमने २०११ साली दाखवलं की ओमेंटममधल्या चरबीच्या पेशी काही रासायनिक निरोप सोडतात, आयएल-६, आयएल-८ वगैरे, आणि कॅन्सरच्या पेशी त्या वासाने आल्यासारख्या तिकडे सरकतात. मध्ये बारीक भोकांचा पडदा ठेवून एका बाजूला चरबीच्या पेशी आणि दुसऱ्या बाजूला कॅन्सरच्या ठेवल्या तर त्या पडदा ओलांडून पलीकडे जातात. आणि पोचल्यावर काय होतं ते मला सगळ्यात भारी वाटलं. चरबीची पेशी म्हणजे जवळजवळ एक मोठा तेलाचा थेंब आणि त्याभोवती पातळ साल. कॅन्सरची पेशी शेजारी बसली की चरबीची पेशी आपला साठा फोडायला लागते, त्यातली फॅटी ॲसिड्स कॅन्सरच्या पेशीत जातात आणि ती ते जाळून वाढते. मायक्रोस्कोपखाली रंगवून बघितलं तर कॅन्सरच्या पेशींच्या पोटात तेलाचे बारीक थेंब दिसतात, आधी नसलेले. ही ने-आण करायला एफएबीपी-४ नावाचं प्रोटीन लागतं, आणि ज्या उंदरांमध्ये ते प्रोटीनच नाही त्यांच्यात कॅन्सर कमी पसरला. म्हणजे ती पोटातली चादर हळूहळू खाल्ली जाते आणि तिच्या जागी घट्ट गोळा उरतो, स्कॅनच्या रिपोर्टमध्ये त्याला चक्क केक म्हणतात, ओमेंटल केक. पुढे असंही दिसलं की नुसती चरबी असून भागत नाही, ज्या चरबीत दुधाळ ठिपके असतात तिथे या पेशी जास्त रुजतात आणि पोटातल्याच बिनठिपक्यांच्या चरबीत कमी. म्हणजे चौकी आणि कोठार दोन्ही एकाच जागी, आणि चोराला दोन्ही लागतात.

तर वहिनी, म्हणून काढली चरबी. त्यात गाठी दिसत होत्या म्हणून, आणि डोळ्यांना दिसत नसल्या तरी असू शकतात म्हणून. पहिल्या ऑपरेशनमध्ये ओमेंटम काढणं ही नेहमीची पद्धतच आहे, माईचं काही वेगळं निघालं म्हणून नव्हे.

इथे थांबता आलं असतं, पण वहिनीने लगेच विचारलं "पण आपलीच चरबी आपल्या शत्रूला का खायला घालते?" आणि याचं उत्तर देताना मला माझं बोट आठवलं. गेल्या चवथीला आदोळीवर नारळ खोवताना अंगठ्याशेजारचं बोट बरंच खोल कापलं. रक्त थांबलं, मग दोन दिवस लाल, सुजलेलं, मग आतून गुलाबी मांस भरत आलं, मग कडक पांढरी रेघ राहिली. या सगळ्यात शेजारच्या पेशींनीच काम केलं. प्लेटलेट्सनी हाका मारल्या, मॅक्रोफेज साफसफाईला आले, नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी, ज्या एरवी निवांत पडलेल्या असतात, त्या जाग्या होऊन कोलॅजनचे दोर विणायला लागल्या आणि वाढीचे निरोप सोडायला लागल्या, म्हणजे कातडीच्या पेशी वाढून भोक बुजवतील. भोक बुजलं की सगळे गप्प. हॅरॉल्ड ड्वोराक नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९८६ साली लिहिलं की ट्यूमर म्हणजे न भरणारी जखम. मला हे वाक्य फार पटतं, कारण शेजाऱ्यांना वाईट ठरवायची गरजच पडत नाही. ते आपलं रोजचंच काम करतात, कॅन्सरची पेशी फक्त "इथे जखम आहे, इथे जखम आहे" अशी हाक थांबवत नाही.

फायब्रोब्लास्ट इथले सगळ्यात कामाचे आणि सगळ्यात उपद्रवी शेजारी. टीजीएफ-बीटाचा निरोप सतत मिळत राहिला की ते कायमचे जागे राहतात. मग कोलॅजन विणतच राहतात, गाठ हाताला दगडासारखी लागते ती बरीचशी याने. ते वाढीचे निरोप सोडतात, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतात, आयएल-६ सोडतात. आणि केमोलाही आड येतात. २०१६ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरवरच एक काम आलं, त्यात दिसलं की फायब्रोब्लास्ट शेजारच्या कॅन्सर पेशींना ग्लुटाथायोन आणि सिस्टीन पुरवतात. प्लॅटिनमची औषधं, माईला दिलं ते कार्बोप्लॅटिन त्यातलंच, पेशीच्या डीएनएला चिकटून काम करतात, पण आत ग्लुटाथायोन भरपूर असेल तर औषध डीएनएपर्यंत पोचायच्या आधीच पकडलं जातं. विशेष म्हणजे टी पेशी, आपले खरे शिपाई, तिथे आले तर ते इंटरफेरॉन सोडून फायब्रोब्लास्टचा हा पुरवठा तोडतात. म्हणजे केमो चालणार की नाही हे औषध आणि कॅन्सर या दोघांपुरतं राहत नाही, भोवती कोण बसलंय तेही बघावं लागतं.

अजून एक शेजारी आहे, मेसेंकायमल स्टेम सेल. यांच्यातून फायब्रोब्लास्ट, चरबी, हाड असं काय काय बनू शकतं. २०११ मध्ये मिशिगनच्या एका टीमने बायकांच्या ओव्हरीच्या गाठींमधून या पेशी वेगळ्या काढल्या आणि तपासल्या तर त्यांचे क्रोमोसोम अगदी ठीकठाक, आणि नुसत्या त्याच उंदरात घातल्या तर त्या गाठ करत नाहीत. पण कॅन्सरच्या पेशींबरोबर घातल्या की गाठ जास्त वाढते, कारण या बीएमपी नावाची प्रोटीन्स जास्त बनवतात आणि त्याने गाठीतल्या मूळ धरणाऱ्या, परत परत उगवणाऱ्या पेशी वाढतात. जन्माने बिघडलेल्या नाहीत, संगतीने बिघडल्यात. माझी आजी पोरांबद्दल नेमकं असंच बोलायची, पण तिला मी बायोलॉजीत आणत नाही.

हे विचार नवे नाहीत खरं तर. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट नावाच्या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी बघितल्या आणि विचारलं की कॅन्सर जर रक्ताबरोबर कुठेही जाऊ शकतो तर काही ठरावीक अवयवांतच का वाढतो? त्याने सरळ बियाणं आणि जमिनीचा दाखला दिला, की बी सगळीकडे उडतं पण मानवेल त्या जमिनीतच उगवतं. खाजनात वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही, खाऱ्या मातीत कोरगुट येतो, दुसरं भात घातलं तर पिवळं पडून जातं. फरक एवढाच की कोरगुट बिचारा आहे त्या मातीत उगवतो, कॅन्सर आपल्याला हवी तशी माती करून घेतो. बांध फुटला की खारं पाणी आत घुसतं आणि दोन-चार वर्षांत भाताच्या जागी मॅन्ग्रोव्ह दिसायला लागतं, तिथे बी बदललेलं नसतं, जमीन बदललेली असते.

पॅजेटनंतर बराच काळ सगळं लक्ष बीवरच राहिलं, जीन कुठला बिघडला, कसा बिघडला, आणि ते चुकीचं होतं असं नाही, त्यातूनच ओलापॅरिबसारखी, बीआरसीए बिघडलेल्या कॅन्सरवर चालणारी औषधं आली. पण मध्ये मध्ये कोणीतरी जमिनीची आठवण करून देत होतं. मिना बिसेल या इराणमध्ये जन्मलेल्या अमेरिकन संशोधक, त्यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग छापला. कोंबडीला कॅन्सर करणारा एक व्हायरस १९११ पासून माहीत होता, पिल्लाला टोचला की गाठ येतेच. तोच व्हायरस त्यांनी अंड्यातल्या लहानशा गर्भाला टोचला. व्हायरस पेशींत शिरला, त्याचा कॅन्सरचा जीन चालूही झाला, पण गाठ आली नाही. त्याच पेशी गर्भातून काढून डिशमध्ये एकट्या वाढवल्या तर मात्र कॅन्सरसारख्या वागायला लागल्या. वर्गात हा प्रयोग सांगितला की मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करतात.

शिपायांचं थोडं सांगते. २००३ साली पेन्सिल्व्हेनियातल्या टीमने ओव्हरीच्या कॅन्सरचे १८६ नमुने बघितले, गाठीच्या आत टी पेशी शिरल्यात की नाही एवढंच. ज्यांच्या गाठीत होत्या त्यांच्यापैकी ३८ टक्के बायका पाच वर्षांनी जिवंत होत्या आणि ज्यांच्यात नव्हत्या त्यांच्यापैकी साडेचार टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत मागे जाऊन वाचला. मग टी पेशी सगळ्यांच्याच गाठीत का शिरत नाहीत? एक तर कोलॅजनची भिंत आड येते, दुसरं म्हणजे मॅक्रोफेज, जे खाऊन टाकायला आलेले असतात, ते तिथल्या निरोपांनी जखम भरायच्या मोडमध्ये जातात आणि मारायचं सोडून बांधकामाला लागतात. आणि एक टी पेशींचाच प्रकार असतो जो बाकीच्यांना शांत करतो, एरवी तो हवाच, नाहीतर शरीर स्वतःवरच उठेल, पण गाठ त्यांना मुद्दाम बोलावून घेते. म्हणून जी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच शिपायांना कॅन्सरवर सोडणारे उपचार, फुप्फुसाच्या किंवा कातडीच्या कॅन्सरमध्ये इतकी गाजली ती एकटी दिली तर ओव्हरीत फार थोड्या जणींना लागू पडली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "आता केमोची गरज नाही" टाइपच्या मेसेजमध्ये हे कधीच नसतं.

लांबचे शेजारी पण यात येतात. निदान झालं तेव्हा माईच्या प्लेटलेट्स जास्त होत्या, सगळ्यांना वाटलं चला, रक्त तरी चांगलं आहे. पण २०१२ मध्ये ६१९ बायकांच्या अभ्यासात दिसलं की ३१ टक्के जणींमध्ये निदानाच्या वेळी प्लेटलेट्स वाढलेल्या होत्या आणि त्यांचं पुढचं जास्त अवघड गेलं. गाठीतून आयएल-६ येतं, ते लिव्हरला सांगतं, लिव्हर प्लेटलेट्स वाढवणारं हार्मोन जास्त बनवतं, आणि प्लेटलेट्स परत गाठीच्या वाढीला हातभार लावतात. लिव्हरला कॅन्सर शिवलेलाही नसतो आणि ते कामाला लागलेलं असतं.

मग शेजाऱ्यांनाच औषध द्यायचं की! दिलंय. बेव्हासिझुमॅब हे त्यातलं सगळ्यात वापरात असलेलं, ते कॅन्सरच्या पेशीला सरळ मारायला जात नाही, त्या व्हीईजीएफला धरतं, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या थांबतात आणि पाणी पाझरणंही कमी होतं. यामागची कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली होती, की रक्तपुरवठा तोडला तर गाठ वाढणार नाही. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये २०११ साली दोन मोठ्या ट्रायल छापून आल्या, त्यांत केमोबरोबर हे दिल्यावर आजार परत यायला काही महिने जास्त लागले, पण सगळ्यांचं आयुष्य वाढलं असं नाही, ज्यांचा आजार जास्त पसरलेला होता, पोटात पाणी होतं, त्यांना फायदा जास्त दिसला. खर्च, बीपी वाढणं, आतड्याला भोक पडायची थोडी भीती, हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात, माईला दिलेलं नाही, आणि का नाही दिलं म्हणून भांडायला जाऊ नका असं मी मावसभावाला दोनदा सांगितलंय.

आणि शेजाऱ्यांना सरसकट मारून टाकलं तर? हा धडा पॅन्क्रियाच्या कॅन्सरमध्ये मिळाला. तिथे गाठीभोवती फायब्रोब्लास्टचं जंगल असतं. २००९ मध्ये उंदरांत दिसलं की एका औषधाने ते विरळ केलं तर केमो आत पोचते, सगळे खूश. पण माणसांत ते चाललं नाही, आणि २०१४ मध्ये उंदरांवरच दोन वेगवेगळ्या टीमना दिसलं की हे शेजारी काढून टाकले तर गाठ उलट जास्त माजते. म्हणजे त्यांच्यातले काही जण तिला अडवूनही धरत होते. ही गोष्ट मला खाजनाच्या बांधासारखी वाटते, गळका असला तरी बांध तो बांध, राग आला म्हणून उखडून टाकला तर शेत आणखी बुडतं. म्हणून आता मारण्यापेक्षा त्यांना परत शांत कसं करायचं, कुठला निरोप तोडायचा, याच्यामागे लोक आहेत.

आपल्याकडे भारतात वर्षाला ४७ हजारांच्या आसपास बायकांना ओव्हरीचा कॅन्सर होतो, जगात सव्वातीन लाखांच्या आसपास, आणि बहुतेकींना कळतं तेव्हा तो पोटात पसरलेला असतो. दरवर्षी सगळ्यांनीच सीए १२५ आणि सोनोग्राफी का करू नये असं माझी एक मैत्रीण विचारत होती. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांच्या अभ्यासात निम्म्या जणींवर अशी तपासणी वर्षानुवर्षं करून बघितली, निम्म्यांवर नाही, २०२१ ला निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. आणि सीए १२५ एंडोमेट्रिओसिसमध्ये, पाळीत, लिव्हरच्या आजारातही वाढतो. त्यामुळे काहीच त्रास नसताना तो आकडा काढून झोप घालवू नका. पण पोट फुगलेलं वाटणं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला सारखं जावं लागणं, हे नवीन सुरू झालंय आणि आठवडे झाले तरी जात नाही, विशेषतः पाळी गेलेल्या बाईला, तर गॅसची गोळी घेत महिने काढू नका, सरळ गायनॅककडे जा. माईने चार महिने ओवा खाल्ला. आणि घरात कोणाला ओव्हरीचा असा कॅन्सर निघाला तर पेशंटच्या बीआरसीए टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा, औषध ठरवायला ती लागते आणि मुलींना, बहिणींना पण तिचा उपयोग होतो. आमच्याकडे माईची टेस्ट झाली, माझ्या आईला अजून पटवतेय.

हे सगळं सांगून झाल्यावर मला वाटलं वहिनीला नीट समजलं. तिसऱ्या केमोनंतर भेटायला गेले तर माई ताटासमोर बसलेली आणि ताटात पांढरा भात आणि मूगाचं पाणी. मी विचारलं हुमण, म्हणजे आमची नारळ घातलेली माशांची आमटी, कुठे? तर म्हणे नारळ बंद, तूप बंद, तेल बंद, "तूच म्हणालीस ना गो, चरबी त्याला खायला घालते." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी, तिने महिनाभर घरात नारळ फोडला नव्हता. गोव्यात! वजन साडेचार किलो उतरलेलं. मी डोकं धरलं. पोटातली चरबी वर्षानुवर्षं साठलेली असते, ताटातला नारळ काढून कॅन्सर उपाशी राहत नाही, उपाशी राहते ती माई, आणि केमोत वजन उतरलं की पुढचा डोस झेपत नाही, तारीख पुढे जाते. डाएटचं काय ते डॉक्टरांना आणि तिथल्या डाएटिशियनला विचारा, माझ्या व्हॉइस मेसेजला नको, हे मी दोघींसमोर हात जोडून सांगितलं. मग वहिनीने तिथूनच बांबोळीच्या हॉस्पिटलात डाएटिशियनबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, त्या म्हणाल्या नारळ घाला की, मासे घाला, अंडं घाला, जे जाईल ते जाऊ दे.

फोन ठेवल्या ठेवल्या माईने विचारलं, बांगडे आहेत का फ्रिजमध्ये.